लोहाच्या पाण्याला हवा: तीन यंत्रणा आणि त्यांचं उपद्रवमूल्य

बोअरचं पाणी कळशीत भरताना काचेसारखं निवळ असतं आणि सकाळी पाहावं तर तळाशी तांबूस गाळ बसलेला असतो. भात पिवळट दिसतो, चहा शाईसारखा काळवंडतो, पांढऱ्या बनियनवर वाळल्यानंतर डाग उमटतात, कमोडमध्ये तपकिरी ओघळ धरतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या पट्ट्यातल्या घरांना हे नवीन नाही. यावर बाजारात सध्या तीन प्रकारच्या घरगुती यंत्रणा मिळतात आणि तिन्हींची जाहिरात एकच असते: पाण्याला फक्त हवा द्यायची, औषध नको, मीठ नको, कँडल बदलायची कटकट नको.

जाहिरात खोटी नाही, पण अर्धी आहे. हवा पाण्यातलं लोह काढत नाही, ती लोह फक्त दिसायला लावते. विरघळलेल्या, रंगहीन लोहाचा हवेतल्या प्राणवायूमुळे गंज होतो आणि त्याचे बारीक तांबडे कण पाण्यात तरंगू लागतात. ते पकडायचं काम पुढच्या टाकीचं आणि फिल्टरचं. हवेमुळे पाण्यातून खरोखर बाहेर पडतात ते वायू: कार्बन डायऑक्साइड, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि खडकातून येणारा किरणोत्सारी रेडॉन. जडपणा, नायट्रेट, क्षार आणि जंतू यांना हवा हातही लावत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पाण्याला ही यंत्रणा कोणी सुचवत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता एक आकडा, ज्यावर पुढचं सगळं उभं आहे. एक मिलिग्रॅम लोहाचा गंज व्हायला जेमतेम ०.१४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे लिटरला तीन मिलिग्रॅम लोह असलेल्या, डाग पाडण्यात पटाईत अशा पाण्यालाही अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायू पुरतो. चांगल्या उघड्या मनोऱ्यातून उतरलेल्या पाण्यात मात्र आपल्या हवामानात साडेसात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू भरलेला असतो. उरलेला सात मिलिग्रॅम कुठे जातो? तुमच्या नळजोडणीत. हवेचे बरेचसे दुष्परिणाम या उरलेल्या प्राणवायूतून किंवा उडून गेलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून जन्मतात.

मग इतकी हवा द्यायचीच कशाला? कारण पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा अंक: सातच्या जितका खाली, तितकं पाणी आम्ल. लोहाचा गंज किती वेगानं होईल हे प्राणवायूपेक्षा पीएचवर जास्त ठरतं. पाणी प्राणवायूनं तृप्त असेल तर पीएच ७ ला निम्मं लोह चार-पाच मिनिटांत बदलतं. पीएच ६.५ ला त्यालाच चाळीसेक मिनिटं लागतात, आणि पीएच ६ ला सहा-सात तास. पीएच एक अंकानं घसरला की वेग शंभरपट मंदावतो. हे प्रयोगशाळेतलं गणित आहे, प्रत्यक्षात थोडं पुढंमागं होतं. पण जांभ्यातल्या पाण्याचा पीएच बऱ्याचदा सहाच्या आसपास असतो, आणि तो तसा असतो मुख्यतः त्यात कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तो वायू उडवला की पीएच सातच्या आसपास चढतो आणि अडलेली गाडी चालू लागते. म्हणून तिथं प्राणवायू आत घालण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड बाहेर काढणं महत्त्वाचं. हा फरक विक्रेत्यांपैकी फार थोडे सांगतात, आणि तिन्ही यंत्रणांचा निकाल नेमका याच फरकावर लागतो.

पहिली: गच्चीवरचा उघडा मनोरा

चार-पाच भोकांची ताटं एकावर एक, मध्ये साधारण ३० सेंटिमीटर अंतर. वरच्या ताटात पंपाचं पाणी पडतं, भोकांतून झिरपत खालच्या टाकीत उतरतं. काही ठिकाणी ताटांत कोक किंवा खडी भरलेली असते. यात हलणारा भाग एकही नाही, गवंडी आणि प्लंबर मिळून गावातच बांधू शकतात. कार्बन डायऑक्साइड काढण्यात हिच्या जवळपास येणारी दुसरी घरगुती यंत्रणा नाही. आम्लधर्मी, लोहाच्या पाण्यासाठी आमची पसंती हिलाच.

पण ती उघडी आहे, आणि उघड्यावर जे जे होतं ते ते सगळं इथं होतं. ऊन लागलं की ताटांवर हिरवं शेवाळ धरतं. लोहावर जगणारे जिवाणू ताटाच्या खालच्या बाजूला नारिंगी, शेंबडासारखा बुळबुळीत थर चढवतात. भोकं एकेक करून बुजतात आणि पाणी ताटभर पसरण्याऐवजी एका कडेनं सरळ धार धरून खाली पडतं. तेव्हा मनोरा चालू दिसतो, काम मात्र करत नाही. हे ओळखायला रसायनशास्त्र लागत नाही: खालच्या ताटाखाली उभं राहून वर पाहा, पाऊस पडतोय की पागोळी, एवढंच.

जिवाणूंचा तवंग आणि तेलाचा तवंग यांची गल्लत नेहमी होते. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा चमकणारा पापुद्रा दिसला की लोक पंपाला दोष देतात. काडीनं ढोसून पाहा. पापुद्रा काचेसारखा तुकड्यातुकड्यांत फुटला आणि तुकडे तसेच राहिले तर ते लोह आणि जिवाणू. काडी काढताच पुन्हा मिटला तर तेल.

उपाय सोपे आहेत, पण ते दर पंधरवड्याला करावे लागतात. मनोऱ्याला चारी बाजूंनी अपारदर्शक पत्रा किंवा जांभ्याची जाळीदार भिंत हवी. हवा खेळली पाहिजे, ऊन नको. पत्रा गच्च बसवला तर उडालेला वायू आतच घोटाळतो आणि पीएच चढत नाही. सगळ्या उघड्या जागांना डासांची बारीक जाळी लावा. खालच्या टाकीत डासांनी अंडी घातली तर लोहाच्या डागांपेक्षा महाग पडेल. ताटं सुटी करून काथ्यानं किंवा नायलॉनच्या ब्रशनं घासायची. बुजलेली भोकं सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात, लिटरला २५-३० ग्रॅम या प्रमाणात, रात्रभर बुडवली की मोकळी होतात. मात्र अॅसिडचं पाणी पूर्ण धुऊन काढल्याशिवाय ब्लीचिंग पावडर वापरू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गच्चीच्या खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो.

दुसरा उपद्रव दाबाचा. मनोऱ्यातून पाणी पडलं की पंपानं दिलेला सगळा दाब संपला. टाकीचा तळ नळापेक्षा तीन मीटर उंच असेल तर नळाला जेमतेम ०.३ बार मिळतो, आणि बंद भांड्यातला वाळूचा फिल्टर इतक्यावर नीट चालत नाही. मग दोनच वाटा: दुसरा पंप, किंवा उतारानं चालणारा उघडा वाळूचा फिल्टर. दुसरी वाट स्वस्त. २०० लिटरच्या पिंपाचं तोंड साधारण पाव चौरस मीटर असतं, त्यातून तासाला ५०० ते ७५० लिटर पाणी आरामात गाळलं जातं. तळाशी खडी, वर ६० सेंटिमीटर धुतलेली बारीक वाळू. समुद्राची वाळू नको, तिच्यातले शिंपल्यांचे चुरे आणि मीठ वेगळाच घोळ घालतात.

मनोरा आणि वाळू यांच्यामध्ये मुरण्याची टाकी हवी, गंज पुरा होईपर्यंत पाणी थांबेल अशी, आणि बांधकाम करणारे इथंच हात आखडतात. तासाला हजार लिटर पाणी असताना २०० लिटरची टाकी म्हणजे बारा मिनिटं. मनोऱ्यानंतर पीएच ७.२ भरत असेल तर चालेल, ६.७ असेल तर नाही. अशा वेळी लोह विरघळलेल्या अवस्थेतच वाळूतून निघून जातं आणि पुढे वरच्या टाकीत, पाइपात, बादलीत गंजतं. 'फिल्टर बसवला तरी पाणी तांबडंच' या तक्रारीत वाळूचा दोष क्वचितच असतो. हजार लिटरची टाकी घ्या आणि पाणी एका टोकाला खालून आत, दुसऱ्या टोकाला वरून बाहेर असं फिरवा.

आणखी एक बारकावा. गंज होताना आम्ल तयार होतं. लोहाचा प्रत्येक मिलिग्रॅम पाण्याची १.८ मिलिग्रॅम अल्कता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खातो. पावसाच्या पाण्यावर पोसलेल्या जांभ्याच्या पाण्यात मुळात अल्कता लिटरला २५-३० मिलिग्रॅमच असते. लोह दहाच्या वर असेल तर हवेनं चढवलेला पीएच गंजच पुन्हा खाली ओढतो. तिथं फिल्टरच्या आधी चुनखडीच्या खड्यांचा थर लागतो, आणि तो झिजत असल्यानं वर्षातून एकदा-दोनदा भर घालावी लागते.

दुसरी: व्हेंच्युरी आणि बंद टाकी

ठिबकवर खत सोडायला शेतकरी वापरतात तीच ही व्हेंच्युरी. फरक इतकाच की खताच्या नळीऐवजी तोंड हवेला मोकळं असतं. पाणी अरुंद गळ्यातून वेगानं जाताना हवा ओढून घेतं, पुढच्या बंद टाकीत ती मिसळते आणि पाणी दाबाखालीच फिल्टरमध्ये जातं. जागा कमी लागते, डास नाहीत, शेवाळ नाही, दुसरा पंप नाही. मांडणी पाहून ग्राहक खूश होतो.

मात्र कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला हिच्यात वाटच नाही. वायू निघतो तो टाकीवरच्या छोट्या व्हॉल्व्हमधून, तोही किरकोळ. पीएच ६.२ असलेल्या पाण्याला व्हेंच्युरी लावली तर ते पाणी ६.२ वरच राहतं, वर त्यात प्राणवायू भरतो. घरगुती बंद टाकी ६० ते १०० लिटरची असते, म्हणजे तासाला हजार लिटरच्या वेगात चार ते सहा मिनिटं. गंज व्हायला तास हवेत आणि मिळतात मिनिटं. आम्लधर्मी पाणी आणि प्राणवायू ही जोडी लोखंडी पाइपाला सगळ्यात वाईट, त्यामुळे लोह कमी होण्याऐवजी नळापर्यंत जाताना वाढू शकतं. जांभ्यावरच्या घराला पीएच न मोजता व्हेंच्युरी विकणं म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

हीच यंत्रणा देशावर मात्र शहाणी ठरते. काळ्या कातळातल्या बोअरचं पाणी सहसा जड असतं आणि पीएच सातच्या वर असतो. त्यातला चुना कार्बन डायऑक्साइडच्या आधारानं विरघळून राहिलेला असतो. उघड्या मनोऱ्यात तो आधार उडाला की पीएच आठकडे सरकतो आणि चुना सुटा होऊन जिथं जागा मिळेल तिथं बसतो: ताटांच्या भोकांत, फिल्टरच्या वाळूत आणि सगळ्यात आधी गिझरच्या कॉइलवर. लिटरला तीनशे-चारशे मिलिग्रॅम जडपणा असलेल्या पाण्याला उघडा मनोरा लावला तर वाळूचे दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ होतात. मग बॅकवॉश, म्हणजे फिल्टर धुवायला उलटं सोडलेलं पाणी, कितीही घ्या, पाणी ढेकळांच्या मधून वाट काढून निघून जातं. बंद व्हेंच्युरीत वायू आतच राहिल्यानं हा त्रास पुष्कळ कमी.

आता तिचे स्वतःचे उपद्रव. पहिला, दाब. हवा ओढायला गळ्याच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक लागतोच. पंप दोन बार देत असेल तर पुढं दीडच्या खालीच उरतं, असं धरून चाला. म्हणून ती मुख्य पाइपात थेट न बसवता बाजूच्या फाट्यावर बसवायची, आणि मुख्य पाइपावरचा व्हॉल्व्ह थोडा आवळून फाट्यातून जाणारं पाणी ठरवायचं. ठिबकवाल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. काही प्लंबर दाब वाचवायला व्हेंच्युरी पंपाच्या ओढीच्या बाजूला लावतात. पंप हवा गिळतो, पाणी सोडतो, कोरडा फिरतो आणि सील जळतं. असं बसवलेलं दिसलं तर त्याच दिवशी काढून घ्या.

दुसरा, दुधाळ पाणी. दाबाखाली विरघळलेली हवा नळाबाहेर आल्यावर सोडावॉटरसारखी सुटते. पेल्यात पाणी पांढरं दिसतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत खालून वर निवळत जातं. खालून निवळलं तर ती हवा आहे, निरुपद्रवी. वरून निवळून तळाशी काही बसलं तर गाळ. निवळलंच नाही, दुधाचा हात लागल्यासारखं राहिलं, तर गंधक, त्याबद्दल पुढं.

तिसरा, हवेचे गोळे. टाकीवरचा हवा सोडणारा व्हॉल्व्ह गंजाच्या कणांनी अडकतो. उघडा अडकला तर पाण्याची पिचकारी, बंद अडकला तर हवा फिल्टरमध्ये घुसते. मग नळ ठसका लागल्यासारखे थुंकतात, आणि प्रवाह पाहून पेटणारा गॅस गिझर अंघोळीच्या मधेच विझतो. वाळूच्या थरात हवेनं बोगदे पडले की न गाळलेलं पाणी सरळ पुढं जातं. हा व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा उघडून टूथब्रशनं घासायचा, दहा मिनिटांचं काम.

चौथा उपद्रव गुपचूप होणारा. व्हेंच्युरीचा गळा काही मिलिमीटरचाच, त्यात गंज साचला की हवा ओढणं बंद पडतं. बाहेरून काहीच कळत नाही, पाणी येतच राहतं, नुसतं पुन्हा तांबडं. तपासायला हवेच्या तोंडाला सलाइनसारखी पातळ नळी लावा आणि दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवा. पंप चालू असताना पेला रिकामा होऊ लागला पाहिजे. उलट पेल्यात बुडबुडे आले किंवा पाणी भरू लागलं तर आतला एकतर्फी पडदा गेला. तो पडदा नाण्याएवढा असतो आणि दोन तरी घरात ठेवावेत.

तिसरी: कॉम्प्रेसर किंवा बुडबुड्यांची टाकी

मत्स्यालयाला लावतात त्याच तत्त्वाचा, थोडा दांडगा हवापंप टाकीच्या तळाशी सच्छिद्र दगडातून बुडबुडे सोडतो. काही विक्रेते हवा थेट दाबाच्या टाकीत भरतात. उघड्या टाकीत बुडबुडे सोडले तर कार्बन डायऑक्साइड बऱ्यापैकी निघतो, मनोऱ्याइतका नाही. जागा कमी असलेल्या बंगल्याला ही मधली वाट आहे.

पंप तेलाशिवाय चालणाराच घ्या. पंक्चरवाल्याकडचा तेलाचा कॉम्प्रेसर स्वस्त मिळतो म्हणून लावला तर तेलाचा धुरकट अंश पाण्यात उतरतो, वाळूवर चिकटतो आणि ती वाळू फेकूनच द्यावी लागते. हवा जिथून घेतो ती जागाही बघा: चुलीचा धूर, जनरेटर, आंब्यावर फवारणी चालू असलेली बाग, यांपैकी काही शेजारी नको. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा. खाली ठेवला आणि वीज गेली की पाणी नळीतून उलटं वाहून पंपात शिरतं. रबरी पडदा झिजणारा आहे, तो बदलायचा खर्च धरूनच हिशोब करा. बाकी, रात्री झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला टेकून हा पंप बसवणाऱ्याला काय म्हणावं!

वासाचं पाणी ही वेगळी गोष्ट

उन्हवऱ्याच्या गरम झऱ्याजवळ येतो तसा वास बोअरला येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हवेनं हा जातो, पण एका अटीवर. पीएच ७ ला त्यातला निम्माच वायूरूपात असतो, उरलेला विरघळून बसलेला. वायूरूपातला उडतो, विरघळलेला उडत नाही. त्यात हवा दिल्यानं कार्बन डायऑक्साइड आधी पळतो, पीएच चढतो आणि उरलेला सल्फाइड आणखी घट्ट बसतो. म्हणून पहिल्या ताटांत वास झपाट्यानं कमी होतो आणि शेवटचा थोडा काही केल्या जात नाही. त्या शेवटच्या भागाचं प्राणवायूशी अर्धवट जमलं की गंधकाचे अतिबारीक कण होतात: तेच ते न निवळणारं दुधाळ पाणी. वाळू ते अडवू शकत नाही. मोजका क्लोरीन आणि त्यामागे कोळशाचा फिल्टर हाच तिथं उपाय, हवा वाढवून काही होत नाही.

उडालेला वायू कुठं जातो हा प्रश्न त्याहून मोठा. बंद पंपघरात सोडला तर तांब्याच्या तारा काळ्या पडतात, स्टार्टरचे संपर्क खराब होतात, ओलसर सिमेंटच्या छताला तो जिवाणूंच्या मदतीनं आम्ल होऊन पोखरतो. हा वायू हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी साचतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणजे 'आता वास गेला' ही सुरक्षिततेची खूण नव्हे. अशा टाकीत साफसफाईला कोणी एकट्यानं उतरू नये. झाकण उघडून हवा खेळती केल्याशिवाय आणि दोर बांधून वर माणूस उभा केल्याशिवाय तर नाहीच. मिथेन असेल तर हवेतलं त्याचं प्रमाण पाच ते पंधरा टक्के झालं की ठिणगीनं भडका उडतो, तेव्हा दिव्याचं बटण टाकीच्या खोलीबाहेर हवं. वायू बाहेर नेणारा पाइप छतापेक्षा उंच न्या आणि तोंडाला जाळी लावा.

अमेरिकेत ग्रॅनाइटच्या भागात, न्यू हॅम्पशायर-मेनकडे, स्वतःच्या बोअरवर राहणाऱ्या मराठी घरांत हीच यंत्रणा रेडॉनसाठी तळघरात बसवलेली असते. तिथल्या पर्यावरण संस्थेच्या ठोकताळ्यानुसार पाण्यात लिटरला १०,००० पिकोक्युरी (किरणोत्साराचं माप) रेडॉन असेल तर घरातल्या हवेत लिटरला साधारण १ पिकोक्युरीची भर पडते, आणि हवेत ४ झाले की उपाय करायचा. टाकीचं झाकण सैल असेल किंवा बाहेर हवा नेणारा पंखा बंद पडला तर पाण्यातला रेडॉन थेट तळघरात मोकळा होतो. तिथं यंत्रणेइतकंच लक्ष पंख्याच्या आवाजाकडे द्यावं लागतं.

फिल्टर, बॅकवॉश आणि तांबडं पाणी टाकायचं कुठं

एक मिलिग्रॅम लोहाचा जवळजवळ १.९ मिलिग्रॅम गंज होतो. लिटरला ४ मिलिग्रॅम लोह आणि रोज हजार लिटर वापर धरला तर वर्षाला पावणेतीन किलो कोरडा गंज. ओला असताना तो कैकपट फुगलेला, जेलीसारखा. हा सगळा फिल्टरमध्ये अडकतो आणि बॅकवॉशनं बाहेर काढायचा असतो.

विक्रीत सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते, बऱ्याचदा अज्ञानातून. १३ इंच व्यासाच्या फायबरच्या भांड्यातली वाळू नीट उचलली जायला मिनिटाला ३० ते ४५ लिटर पाणी उलटं जावं लागतं. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप लांबच्या पाइपातून तेवढं देईलच असं नाही. बादली आणि घड्याळ घ्या: १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली पाहिजे, त्याहून जास्त वेळ लागला तर बॅकवॉश नावापुरताच. मँगनीजसाठीचा (लोहासारखाच पाण्यात विरघळणारा, पण काळे डाग पाडणारा धातू) जड काळा माध्यम-थर असेल तर याहूनही जास्त लागतं. आणि मँगनीज असेल तर तो थर लागतोच, कारण नुसत्या हवेनं मँगनीज गंजायला पीएच नऊच्या वर हवा, जो पिण्याच्या पाण्यात चालत नाही.

एका बॅकवॉशला दहा मिनिटं धरली तरी साडेतीनशे लिटर पाणी जातं. जूनमध्ये ते कुणाला खटकत नाही. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत असताना खटकतं, मग लोक बॅकवॉश टाळतात आणि फिल्टर तुंबतो. ते पाणी २०० लिटरच्या दोन पिंपांत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी झाडांना किंवा अंगण धुवायला येतं. शौचालयाच्या टाकीत सोडू नका, एवढ्या पाण्यानं तिथला मैला ढवळून बाहेर पडतो. शोषखड्डा करायचा तर विहिरीपासून लांब. माडाच्या आळ्यात सोडलं तरी चालतं, फक्त रोज एकाच आळ्यात नको, वर तांबडा पापुद्रा धरतो आणि पाणी मुरत नाही.

शेवटी क्लोरीन. उघड्या मनोऱ्यानंतर ते घालायलाच हवं. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर हे नेहमीचं प्रमाण, म्हणजे लिटरला ०.७ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन. पण पाण्यात एक मिलिग्रॅम विरघळलेलं लोह शिल्लक असेल तर तेच ०.६ मिलिग्रॅम क्लोरीन खाऊन टाकतं आणि जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून पावडर फिल्टरनंतर, आणि अर्ध्या तासानं क्लोरीन उरलाय का हे पट्टीनं बघून.

घेण्याआधी

पीएच विहिरीवरच मोजा. बाटलीतून तालुक्याला नेईपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडतो आणि ६.१ चे ६.८ होतात. लोहाच्या नमुन्यासाठी प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली वेगळी बाटली मागून घ्या, नाहीतर लोह बाटलीच्या भिंतीलाच चिकटतं आणि अहवाल छान येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत लोह, मँगनीज, अल्कता आणि जडपणा एवढं तरी मागा. मानकात लोहाची मर्यादा लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती, २०१५ च्या दुरुस्तीनं ती १.० झाली. डाग मात्र ०.३ च्या पुढं पडू लागतातच, तेव्हा 'मर्यादेत आहे' या उत्तरावर समाधान मानू नका.

पीएच ६.८ च्या खाली आणि पाणी मऊ: उघडा मनोरा. पीएच ७ च्या वर आणि पाणी जड: व्हेंच्युरी. दोन्हींच्या मधलं, जागा कमी: बुडबुड्यांची टाकी. मँगनीज किंवा हट्टी वास असेल तर नुसत्या हवेच्या कुठल्याही यंत्रणेला पैसे देऊ नका. पावसाळ्यात चहासारखं पिवळसर येणारं आणि रात्रभर ठेवूनही गाळ न धरणारं पाणी असेल तर लोह पालापाचोळ्याच्या आम्लांनी बांधलेलं आहे, त्यालाही हवा पुरत नाही. आणि घरात जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप असतील तर आधी ते बदला. यंत्रणा नवी, पाइप जुने या जोडीत प्राणवायूनं भरलेलं पाणी पाइपाचंच लोखंड घेऊन नळाला येतं. शंका असेल तर सकाळी पहिल्या धारेला दोन नमुने घ्या, एक फिल्टरच्या तोंडाशी, एक सगळ्यात लांबच्या नळाला. दुसरा तांबडा आणि पहिला स्वच्छ असेल तर फिल्टरवाल्याशी भांडू नका.

बसवल्यावर तीन महिन्यांनी फ्लशच्या टाकीचं झाकण उचला. ती घरात कोणी घासत नाही, त्यामुळे खोटं बोलत नाही. तळाशी तांबडी भुकटी म्हणजे फिल्टरमधून गंज निसटतोय, किंवा लोह फिल्टरच्या पुढं जाऊन गंजतंय. भिंतीला नारिंगी शेंबूड म्हणजे जिवाणू घरात शिरले, सगळ्या टाक्यांना क्लोरीनचा जोरदार डोस द्यायला हवा. काळा बुळबुळीत थर म्हणजे मँगनीज तपासायचं राहून गेलं. फ्लोटच्या दांड्यावर पांढरी खरखरीत पुटं धरली असतील तर जड पाण्याला उघडा मनोरा लावलाय, आणि गिझरची कॉइल एव्हाना त्याच रंगाची झालेली असेल.